लोहडी

लोहडी : पंजाबी पोह महिन्याच्या अखेरच्या रात्री, म्हणजे मकरसंक्रांतीच्या आदल्या दिवशी (साधारणपणे १३ जानेवारी), आग पेटवून साजरा होणारा सण. पंजाब, हरियाणा, दिल्ली, जम्मू आणि हिमाचल प्रदेशाच्या काही भागांत तो प्रचलित आहे. महाराष्ट्रात याच दिवशी भोगी असते.

लोहडीला सुगीचा सण म्हणतात, पण त्या वेळी पंजाबातला गहू हिरवागार उभा असतो. त्याची कापणी एप्रिलात, बैसाखीच्या सुमारास होते. जानेवारीत घरात येतो तो ऊस. गूळ नुकताच कढलेला असतो, म्हणून तीळ, रेवडी, गजक, शेंगा आणि मक्याच्या लाह्या हेच या सणाचे खाणे. त्यातली मूठभर आधी आगीत टाकायची, मग वाटायची. आगीभोवती फिरताना म्हणतात, ‘ईसर आए, दलिद्दर जाए’. आपल्या ‘इडा पिडा टळो’च्या अगदी जवळचे हे मागणे.

सणाच्या आधी काही दिवस मुले टोळीने दारोदार गाणी म्हणत लाकडे, गोवऱ्या आणि गूळ गोळा करतात. रित्या हाताने परत पाठवणाऱ्या घराला चिडवण्याची गाणीही ठरलेली असतात. या सगळ्यांत मुख्य गाणे ‘सुंदर मुंदरिए’. एक मूल ओळ म्हणते आणि बाकीची मुले प्रत्येक ओळीला ‘हो!’ करतात.

हे गाणे दुल्ला भट्टीचे. अकबराच्या काळातला हा मुसलमान राजपूत पिंडी भट्टियां (आता पाकिस्तानात) इथला. त्याने मोगल सत्तेविरुद्ध बंड केले आणि त्याबद्दल त्याला लाहोरला फाशी झाली. त्याचे वडील आणि आजोबाही सारा नाकारल्यामुळे मारले गेले, असे लोककथा सांगते. सुंदरी आणि मुंदरी या दोन अनाथ मुलींवर बड्या अधिकाऱ्याची नजर होती. दुल्ल्याने त्यांना सोडवले, रानात आग पेटवून तिच्या साक्षीने त्यांची लग्ने लावली आणि वडिलांच्या जागी स्वतः कन्यादान केले. आहेराला जवळ काही नव्हते. त्याने शेरभर साखर पदरात घातली. मुलीचा ‘सालू’ म्हणजे ओढणी फाटकी होती, हेही गाण्यात आहे. चारशे वर्षे टिकलेल्या या गाण्यात पराक्रमाचे वर्णन जवळजवळ नाही. आहे ती एका गरीब लग्नाची काळजी, आणि मला तेच त्याचे मोठेपण वाटते.

नव्या सुनेची आणि तान्ह्या बाळाची पहिली लोहडी थाटात करतात, जशी आपल्याकडे नव्या नवरीची पहिली संक्रांत हलव्याचे दागिने घालून आणि बाळाचे बोरन्हाण. मात्र बाळाची लोहडी दीर्घकाळ मुलग्यापुरतीच होती. लेकींना सोडवणाऱ्या दुल्ल्याचे गाणे मुलगा झाल्याच्या आनंदात गायचे, ही विसंगती पंजाबातल्या अनेकांना खुपली. त्यातून ‘धीयां दी लोहडी’, म्हणजे लेकींची लोहडी, सुरू झाली.

जम्मूत मुले बांबू आणि रंगीत कागदांचा मोराच्या आकाराचा ‘छज्जा’ करून तो घेऊन नाचतात. सिंधी लोक याच सुमारास ‘लाल लोई’ची आग पेटवतात, फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांमुळे ती उल्हासनगरातही पेटते.

लोहडीच्या रात्री उसाच्या रसात तांदूळ शिजवून ‘रौ दी खीर’ करतात. ती त्या रात्री खायची नसते. ‘पोह रिद्धी, माघ खाधी’, म्हणजे पोहात रांधली, माघात खाल्ली. सकाळी माघी, म्हणजे पंजाबी माघ महिन्याचा पहिला दिवस, उजाडली की थंडगार खीर दह्याबरोबर वाढतात.