उत्तरेकडची मुक्ती आणि अठ्ठावीस वर्षांची अट

अमेरिकेतल्या गुलामगिरीचा विषय निघाला की आपल्यासमोर दक्षिणेतले कापसाचे मळे आणि यादवी युद्ध येतं. उत्तरेकडची राज्यं जणू पहिल्यापासूनच मुक्त होती, असा समज त्यातून पक्का होतो. प्रत्यक्षात १७७६ साली स्वातंत्र्याची घोषणा झाली तेव्हा तेराही वसाहतींत माणूस विकत घेणं कायदेशीर होतं.

पहिले आफ्रिकी बंदी १६१९ मध्ये व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर उतरवले गेले. पुढच्या इतिहासाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचं वर्ष १६६२. त्या वर्षी तिथल्या विधिमंडळाने ठरवलं की मूल स्वतंत्र की गुलाम, हे आईवरून ठरेल. बाप गोरा मालक असला तरी मूल मालकाची मालमत्ताच. उत्तरेने सव्वाशे वर्षांनी गुलामगिरी मोडायला घेतली तेव्हा हात घातला तो याच जन्माच्या नियमाला, आणि तोही अर्धाच.

पेनसिल्व्हेनियाचा १ मार्च १७८० चा कायदा म्हणजे विधिमंडळाने गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवण्यासाठी केलेला अमेरिकेतला पहिला कायदा. त्याचं कौतुक पुष्कळ झालं आहे, पण त्यातलं गणित नीट पाहिलं पाहिजे. त्या दिवसानंतर गुलाम आईच्या पोटी जन्मलेलं मूल गुलाम नव्हे, मात्र वयाच्या अठ्ठावीस वर्षांपर्यंत आईच्या मालकाकडे बिनपगारी राबायचं. आदल्या दिवशी जन्मलेलं मूल नोंदवहीत असेल तर जन्मभर गुलामच. म्हणजे कायदा झाला त्या दिवशी एकही माणूस सुटला नाही आणि या कलमाने सुटणारा पहिला माणूस १८०८ मध्ये सुटणार होता. ऐन उमेदीची वर्षं मालकाला देऊन मुलांनी आपल्या सुटकेची भरपाई स्वतःच करायची, असा हा व्यवहार होता. मालमत्तेचा हक्क एकदम मोडता येत नाही, कायदा मंजूर होण्यासाठी तडजोड लागते, हे समर्थन तेव्हाही झालं आणि आजही होतं. मला ते पुरेसं वाटत नाही, कारण त्या तडजोडीत ज्यांचं आयुष्य खर्ची पडलं त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

त्यांनी स्वतः मात्र कायद्यातली प्रत्येक फट शोधली. मालकांनी १ नोव्हेंबर १७८० पर्यंत गुलामांचं नाव, वय आणि लिंग नोंदवायचं होतं, नाही तर तो माणूस मुक्त. अनेकांची नोंदणी राहिली. १७८१ मध्ये मुदत वाढवण्याचा घाट घातला गेला, तेव्हा नुकत्याच सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी विधिमंडळाकडे अर्ज केला की आम्हाला पुन्हा गुलामीत ढकलू नका. मुदतवाढ मंजूर झाली नाही. उत्तरेतल्याच मॅसॅच्युसेट्समध्ये तर शेफील्डच्या एका गुलाम स्त्रीने राज्यघटनेतल्या समतेच्या कलमाच्या जोरावर १७८१ मध्ये थेट खटला जिंकला. असे निकाल येत गेले आणि १७९० च्या जनगणनेत त्या राज्यात गुलामांची संख्या शून्य नोंदली गेली.

फटी मालकांनाही सापडल्या होत्या. बाहेरच्या राज्यातून आणलेला गुलाम पेनसिल्व्हेनियात सहा महिने राहिला की मुक्त होत असे. १७९० मध्ये फिलाडेल्फिया देशाची राजधानी झाली. काँग्रेसच्या सदस्यांना या नियमातून सूट होती, राष्ट्राध्यक्षांचा त्यात उल्लेख नव्हता. मग पहिल्या राष्ट्राध्यक्षांच्या घरचे गुलाम सहा महिने भरण्याआधी राज्याबाहेर नेऊन परत आणले जाऊ लागले. अशी ने-आण १७८८ च्या दुरुस्तीने बेकायदा ठरवली होती, तरीही. त्या घरातली विशीतली एक दासी मे १७९६ मध्ये, घरचे जेवायला बसले असताना बाहेर पडली आणि जहाजाने न्यू हॅम्पशायरला पोचली. आपल्याला मालकिणीच्या नातीला देऊन टाकणार, हे तिला कळलं होतं. तिला पकडून देणाऱ्याला दहा डॉलर इनाम असल्याची जाहिरात वर्तमानपत्रात आली. तिने पळून जावं असं काही कारणच नव्हतं, अशी तक्रारही त्या जाहिरातीत होती. ती कधीच हाती लागली नाही. पण पळालेल्यांना परत आणण्याचा अधिकार १७८७ च्या राज्यघटनेने आणि १७९३ च्या कायद्याने मालकांना दिलेला असल्यामुळे १८४८ मध्ये मरेपर्यंत ती कायद्याच्या लेखी फरारीच राहिली.

इतर राज्यांनी पेनसिल्व्हेनियाचाच कित्ता गिरवला. न्यू यॉर्कने १७९९ मध्ये मुलग्यांना अठ्ठावीस आणि मुलींना पंचवीस वर्षांची अट घातली. तिथली गुलामी ४ जुलै १८२७ रोजी संपली. न्यू जर्सी १८०४ मध्ये सर्वांत शेवटी आलं. १८४६ मध्ये तिथे उरलेल्या गुलामांना ‘आजन्म उमेदवार’, म्हणजे जन्मभराचे शिकाऊ कामगार, असं नवं नाव मिळालं, पण मालक तेच आणि काम तेच. १८६० च्या जनगणनेत तिथे अजून अठरा गुलाम नोंदलेले होते. पुढच्याच वर्षी युद्ध सुरू झालं आणि या ‘मुक्त’ राज्यातल्या अशा माणसांची सुटका दक्षिणेतल्या लाखोंबरोबरच, डिसेंबर १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने झाली.