स्नायू पुढे, कंडरा मागे

पुण्यात महापालिकेच्या बागांमधल्या ओपन जिममध्ये संध्याकाळी बारखाली थोडा वेळ थांबलं, की एक गोष्ट हमखास दिसते. कोणीतरी उडी मारून बार पकडतो, पाय झाडत हनुवटी वर न्यायची खटपट करतो, दोन-तीन झोके घेतो आणि उतरून निघून जातो. दुसऱ्या दिवशी तो येत नाही. पुल-अप ही त्याची पहिली पायरी नव्हतीच, ती पाचवी होती. आधीच्या चार त्याला कुणी दाखवल्या नाहीत, एवढंच.

लोखंड उचलणारा अडीच किलोची प्लेट वाढवतो. शरीराच्या वजनावर व्यायाम करणाऱ्याला ती सोय नाही. त्याला वजन तेच ठेवून तरफ बदलावी लागते. पुश-अपवर झालेली मोजमापं इथे फार उपयोगाची आहेत. पाय-हात जमिनीवर ठेवून केलेल्या पुश-अपमध्ये हातांवर शरीराच्या वजनाचा सुमारे ६४ टक्के भार येतो, गुडघे टेकवले तर ४९ टक्के. हात ६० सेंटिमीटर उंचीवर ठेवले तर ४१ टक्के, आणि उलट पाय तेवढ्याच उंचीवर ठेवले तर ७४ टक्के. म्हणजे ६० किलोच्या माणसाला सोसायटीच्या कट्ट्यावर हात टेकवून साधारण २५ किलो ढकलावे लागतात, जमिनीवर ३८ आणि पाय कट्ट्यावर ठेवले तर ४४. नवशिक्याने कट्ट्यापासूनच सुरुवात करावी. गुडघे टेकवण्यापेक्षा हे बरं, कारण टाचेपासून डोक्यापर्यंत अंग एका रेषेत ताणून धरायची सवय पहिल्या दिवसापासून लागते. कोपरं अंगापासून साधारण ४५ अंशांवर ठेवायची, कंबर खचू द्यायची नाही. तीन सेट, प्रत्येकी १२, सलग दोन दिवसांच्या सरावात स्वच्छ निघाले की हात खालच्या पायरीवर न्यायचे. तालमीतले जोर हे याचं पुढचं रूप. त्यात अंग कमानीत फिरतं, त्यामुळे खांद्यावरचा भार सतत सरकत राहतो. साधे १५ पुश-अप निघत नसतील तर जोर मारताना कंबर लोंबते आणि मणक्याला झटका बसतो.

आता बार. पहिली पायरी नुसतं लोंबकळणं, ३० सेकंद. दुसरी, कोपरं न वाकवता फक्त खांदे कानांपासून खाली ओढणं. ही हालचाल दोन-तीन इंचांचीच असते, पण पुल-अप नेमका इथेच अडतो. तिसरी, कमरेएवढ्या बारखाली आडवं होऊन टाचा जमिनीवर ठेवून छाती बारला लावणं. चौथी म्हणजे स्टुलावरून वर जाऊन ५ ते ८ सेकंद घेत खाली उतरणं. स्नायू आखडताना जितकं बळ लावू शकतो, त्यापेक्षा ताणला जात असताना जास्त पेलतो. म्हणून वर जाता येत नसलं तरी सावकाश उतरता येतं, आणि त्या उतरण्यानेच वर जायची ताकद येते. यात एकच धोका आहे. असं उतरणं फसवं सोपं वाटतं आणि उत्साहात रोज वीस-वीस केलं जातं. तीन सेट, प्रत्येकी तीन, आठवड्यातून दोनदा, एवढं पुरे.

कारण कंडरा. स्नायूला हाडाशी बांधणारी ही दोरी स्नायूच्या वेगाने तयार होत नाही. पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढल्यासारखी वाटते, ती बरीचशी मज्जासंस्थेची कमाई असते. आहे तोच स्नायू जास्त तंतू एकदम कामाला लावायला शिकतो. मग स्नायू भरतो. कंडरेत मात्र रक्तपुरवठा कमी, उलाढाल संथ. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-१४ चा माग काढून २०१३ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी टाचेमागच्या कंडरेचा गाभा तपासला, तेव्हा तो साधारण वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि पुढे जवळजवळ बदलत नाही असं दिसलं. तरी कंडरेला वळण लागतं, तिचा ताठरपणा वाढतो, पण त्यासाठी जड सरावाचे दहा-बारा आठवडे द्यावे लागतात. चौथ्या आठवड्यात अंगात बळ सळसळत असतं आणि कोपराची आतली बाजू अजून जुन्याच भाराला सरावलेली असते. बहुतेक दुखणी तिथेच सुरू होतात. मल्लखांब शिकवणारा वस्ताद पोराकडून अढी, म्हणजे पायांनी खांब आवळून धरणं, घोटवून घेतल्याशिवाय पुढची पकड देत नाही, त्यामागचं शहाणपण हेच.

फ्रंट लिव्हरकडे वळणाऱ्यांनी तर हे फारच मनावर घ्यावं. बारला लोंबकळून अंग जमिनीला समांतर धरायचं, हात सरळ. १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसाचा गुरुत्वमध्य खांद्यापासून साधारण ४५ सेंटिमीटरवर असतो, आणि तेवढ्या लांबीच्या तरफेवर सगळं वजन पेलायचं असतं. आता गुडघे छातीशी घ्या. दोन्ही पाय मिळून वजनाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग असतो. तो खांद्याकडे सरकला की गुरुत्वमध्य सुमारे २५ सेंटिमीटरवर येतो आणि खांद्यावरचा पीळ निम्म्याच्या जवळ उतरतो. म्हणून क्रम असा: गुडघे छातीशी, मग पाठ सपाट करून मांड्या धडाशी काटकोनात, मग एक पाय लांब, मग दोन्ही पाय फाकवून, शेवटी जोडून. प्रत्येक टप्प्यावर १५ सेकंदांचे चार धारण नीट जमेपर्यंत पुढे जायचं नाही. एका टप्प्याला दोन-तीन महिने लागणं अगदी स्वाभाविक आहे. कोपर किंचित वाकलं तरी सोपं वाटू लागतं, म्हणून मोबाइल बाजूला उभा करून चित्रण पाहा. आपलं कोपर वाकलेलं आपल्याला कळत नाही.

हँडस्टँडचं, म्हणजे हातांवर उलटं उभं राहण्याचं, गणित निराळं. तिथे ताकदीपेक्षा तोल महत्त्वाचा आणि तो मनगटात असतो. पोट भिंतीकडे करून, हात भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवून पाय भिंतीवर चढवायचे. पाठ भिंतीकडे केली तर कमरेत कमान पडते आणि ती सवय पुढे सुटत नाही. अंग पाठीच्या बाजूला पडायला लागलं की बोटांची टोकं जमिनीत रुतवायची, परत यायला लागलं की तळहाताच्या मनगटाकडच्या भागावर भार घ्यायचा. मनगट इथे पूर्ण ९० अंशांत वाकलेलं असतं, म्हणून आधी पाच मिनिटं हात जमिनीवर टेकवून मनगट पुढे, मागे, बाजूला झुकवून मोकळं करावं. डिसेंबरातल्या पुण्याच्या पहाटे दहा मिनिटं द्यावीत.

पावसाळ्यात बागेतला बार कोरडा मिळत नाही. फडकं सोबत ठेवा, हाताला मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड (जिम चॉक) लावा आणि ओल्या बारवर झोक्याचा कुठलाही प्रकार टाळा. आणि कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागलं तर पूर्ण विश्रांती घेऊ नका, तिने कंडरा आणखी नाजूक होते. दोन टप्पे मागे या, पाय जमिनीवर ठेवून बार अर्धवट वाकलेल्या कोपरांनी ३० ते ४५ सेकंद धरून ठेवा, पाच वेळा, एक दिवसाआड. दुखणं धरतानाच वाढत गेलं किंवा दुसऱ्या सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त असलं, तर भार अजून कमी करा. बोटांना मुंग्या येत असतील तर मात्र बार सोडून डॉक्टरांना दाखवा.