झळ आणि मृगजळ : लांब पल्ल्याच्या नेमबाजीतल्या वारा-वाचनाची पार्श्वभूमी

हजार यार्डांवर ताशी १० मैलांचा आडवा वारा ७.६२ मिमीच्या १५५ ग्रेन (साधारण १० ग्रॅम) वजनाच्या गोळीला साधारण ९० इंच बाजूला नेतो. म्हणजे वाऱ्याचा अंदाज एका मैलाने चुकला की गोळी नऊ इंच सरकली. अमेरिकी स्पर्धांमध्ये या पल्ल्यावर दहा गुणांचं वर्तुळ २० इंच व्यासाचं असतं, मध्यापासून कडेपर्यंत दहा इंच. एक मैल चुकलं तर ते जवळजवळ संपतं. मग श्वास, पकड, ट्रिगर कितीही चोख असो. या खेळाचा इतिहास बहुतेक वेळा बंदुका आणि काडतुसांच्या अंगाने सांगितला जातो. मला मात्र तो वारा कोणी पाहायचा, कशातून पाहायचा आणि किती वेळ पाहायचा, या अंगाने सांगावासा वाटतो. आजचे सगळे वाद तिथूनच निघाले आहेत.

पण त्याआधी एका शब्दाचा गुंता सोडवायला हवा. त्याने मराठीतलं या विषयावरचं बरंच लेखन बिघडवलं आहे.

रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, चालतो तो शब्द ‘मिराज’. शब्दकोशात पाहिलं तर मृगजळ. तो अर्थ उचलून ‘मृगजळावरून वारा ओळखावा’ असं लिहिलं की नवा नेमबाज गोंधळतो, आणि त्यात त्याची चूक नसते. मृगजळ म्हणजे नसलेलं पाणी दिसणं. जमिनीलगतची हवा तापून विरळ होते, वरची तुलनेने दाट राहते, आणि तिरप्या येणाऱ्या आकाशाच्या उजेडाला या थरांत बाक येतो. तो उजेड खालून डोळ्यांत शिरतो आणि जमिनीवर तळं पसरल्यासारखं वाटतं. १७९८ च्या इजिप्त मोहिमेत फ्रेंच सैन्याला वाळवंटात अशी तळी दिसली. सोबत गेलेल्या एका गणितज्ञाने त्यामागचं कारण लिहून काढलं, आणि फ्रेंच खलाशांच्या बोलण्यातला हा शब्द विज्ञानात कायमचा आला.

नेमबाज स्पॉटिंग स्कोपमधून, म्हणजे शेजारी ठेवलेल्या दुर्बिणीतून, जे पाहतो ते हे नव्हे. चुलीवरच्या धगीतून पलीकडची भिंत हलताना दिसते, एप्रिलच्या दुपारी तापलेल्या पत्र्यावरून मागचं झाड लवलवतं, ते हे. गरम आणि गार हवेचे लहान लहान पुंजके एकमेकांत मिसळत वर चढतात, प्रत्येक पुंजका उजेडाला जरासा वळवतो, आणि वारा सुटला की सगळा थवा वाऱ्याबरोबर वाहतो. आपल्याकडे याला सरळ शब्द आहे : झळ. अंगाला लागणाऱ्या उष्णतेसाठी तो जास्त वापरला जातो हे खरं, पण डोळ्यांना दिसणाऱ्या लवलवीलाही तो शोभतो. मी पुढे तोच वापरणार आहे.

फरक नुसत्या अचूकपणाचा असता तर मी इतका वेळ घेतला नसता. ‘मृगजळामागे धावणं’ म्हणजे फसणं, हे मराठी माणसाच्या मनात घट्ट बसलेलं आहे. शब्द ऐकताच ‘दिसतं तसं नसतं’ हा अर्थ सोबत येतो. रेंजवर परिस्थिती नेमकी उलटी आहे. झेंड्याचं कापड दमट असतं, जड असतं, झुळूक येऊन गेल्यावरही काही क्षण जुन्याच दिशेला रेंगाळतं. झळेला वजनच नाही. वारा पडला की ती त्याच क्षणी उभी राहते, फिरला की फिरते. ताशी दोन-तीन मैलांचा वारा झेंडा दाखवतही नाही, झळ दाखवते. ज्याच्यावर सर्वांत जास्त भरवसा ठेवायचा त्यालाच आपण फसव्याचं नाव दिलं आहे.

मूळ भाषेतही गुंता आहेच. एकच शब्द दोन गोष्टींसाठी वापरला गेल्यामुळे एक जुना वाद अजून मिटलेला नाही : झळ लक्ष्याची प्रतिमा किती सरकवते? जमिनीलगतच्या तापमानाच्या उतरंडीने प्रतिमा उभ्या दिशेत सरकते, याबद्दल फारसं दुमत नाही. सकाळी बसवलेली साइट (बंदुकीवरचं नेम धरायचं साधन) दुपारी बदलावी लागते, त्याला हेही एक कारण आहे. वाद आडव्या सरकण्याचा आहे. झळ डावीकडे वाहत असेल तर लक्ष्याचा काळा गोलही डावीकडे वाहून गेलेला दिसतो, म्हणून त्याची वेगळी भरपाई करावी, असं एक घराणं मानतं. दुसरं म्हणतं की गोल थरथरतो, पण सरासरीने जागेवरच राहतो, आणि नेमबाज ज्याला प्रतिमेचं सरकणं समजतो ती वाऱ्याची कमी पडलेली भरपाईच असते. मला दुसरं म्हणणं पटतं. पण पहिल्या घराण्यात फार मोठे नेमबाज होऊन गेले आहेत, हेही सांगायला हवं.

झळ स्पर्धेत महत्त्वाची ठरली ती चांगल्या दुर्बिणी नेमबाजाच्या शेजारी आल्यावर. लंडनजवळच्या विम्बल्डनच्या माळावर १८६० साली नेमबाजांचं पहिलं मोठं संमेलन भरलं, तेव्हा आधार झेंड्यांचा आणि अंदाजाचाच जास्त होता. पुढे १८९० मध्ये ते बिस्लीला हललं. अमेरिकेत लाँग आयलंडवरच्या क्रीडमूरला १८७४ साली आयरिश आणि अमेरिकी संघ ८००, ९०० आणि १००० यार्डांवर भिडले. अमेरिकी संघ ९३४ विरुद्ध ९३१ असा तीन गुणांनी जिंकला, आणि त्यात एका आयरिश नेमबाजाने चुकून शेजारच्या लक्ष्यावर मारलेली एक गोळी होती. त्या सामन्याची चर्चा मागून भरायच्या बंदुकांनी पुढून भरायच्या बंदुकांना हरवलं अशीच होते. त्याच काळातल्या एका सांघिक चषकाला कोल्हापूरच्या महाराजांच्या दानातून नाव मिळालं. बिस्लीत तो अजून ‘कोलापोर’ म्हणून खेळला जातो. ३००, ५०० आणि ६०० यार्ड, आठ जणांचे संघ. आपल्या शहराचं नाव दरवर्षी वाऱ्याच्या हिशेबात घेतलं जातं, ही गोष्ट कोल्हापुरातही फार थोड्यांना माहीत असते.

एकोणिसाव्या शतकाने आणखी एक गोष्ट दिली : एका फ्रेंच तोफखाना अधिकाऱ्याचं सूत्र. गोळी निर्वातात जितक्या वेळात पोहोचली असती, त्याहून हवेत जितका जास्त वेळ लागतो, तितकाच वेळ आडव्या वाऱ्याच्या वेगाने गुणायचा. हजार यार्डांना आपल्या गोळीला दीड सेकंद लागतो, निर्वातात एकाहून जरासाच जास्त लागला असता. फरक अर्धा सेकंद. ताशी १० मैल म्हणजे सेकंदाला साडेचौदा फुटांहून थोडं जास्त, त्याचं अर्ध साधारण साडेसात फूट. वर दिलेले ९० इंच हेच. नवख्याला वाटतं की वारा गोळीला पूर्ण वेळ ढकलत राहतो. सूत्र सांगतं की हवेने अडवलेल्या वेळेचीच किंमत मोजावी लागते. शिवाय नळीजवळ बसलेला धक्का गोळीच्या वाटेला कोन देतो आणि तो कोन शेवटपर्यंत वाढत जातो, म्हणून जवळचा वारा लांबच्या वाऱ्यापेक्षा महाग पडतो. यातच झळेची एक मर्यादाही आहे. ती दिसते नजरेच्या रेषेवर, आणि गोळी वाटेच्या मध्यावर त्या रेषेच्या नऊ-दहा फूट वरून जाते. तिथला वारा पाहायला उंच काठीचा झेंडाच लागतो.

विसाव्या शतकात वाचनाची रीत पक्की झाली. स्कोप लक्ष्यावर स्पष्ट करून मग अलीकडे ओढायचा, म्हणजे मधल्या अंतरावरची झळ दिसते. ती सरळ वर चढत असेल तर ‘उकळी’ : आडवा वारा नाही, किंवा वारा रेंजच्या रेषेतच आहे. उकळीवर गोळी सोडू नये असं जुने लोक बजावतात, कारण बहुतेक वेळा ती वारा बाजू बदलत असतानाची मधली घटका असते. पुढे झळ कलते, मग आडवी होते, आणि ताशी १२ मैलांच्या आसपास इतकी सपाट धावते की १२ आणि १६ मधला फरक डोळ्याला कळत नाही. तिथून पुन्हा झेंडा. झेंडा काठीशी किती अंशांचा कोन करतो ते पाहून चाराने भागायचं, हा लष्करी पुस्तिकांमधला ढोबळ नियम अजून चालतो.

सांघिक सामन्यांत नेमबाजाला वारा पाहूच देत नाहीत. शेजारी प्रशिक्षक असतो, तो स्कोपमधून झळ पाहतो आणि राष्ट्रकुलातल्या संघांमध्ये हात लांबवून साइटचं चक्र स्वतःच फिरवतो. नेमबाजाने फक्त स्वच्छ गोळी सोडायची. वैयक्तिक स्पर्धेत मात्र हे सगळं एकट्याचं : उजवा डोळा साइटमागे, डावा स्कोपला, आणि मनगटाशी आलेखाचा कागद. प्रत्येक गोळीला कोणता वारा धरला आणि गोळी पडल्यावर कोणता निघाला, याच्या दोन रेषा त्यावर. माझ्या मते या खेळात शिकण्यासारखं सर्वांत जास्त त्या कागदावरच असतं.

१९९० च्या दशकात कॅनडात एका ज्येष्ठ नेमबाजासाठी, ज्याला भिंग नसलेली लोखंडी साइट आणि बंदूक स्थिर धरायला हाताला बांधायच्या पट्ट्याचा ताण झेपेना, बंदुकीवर दुर्बीण आणि खाली दुपायी टेकू अशी सोय झाली. त्याच्या आडनावाच्या आद्याक्षरावरून ‘एफ-क्लास’ हे नाव पडलं. सोय म्हणून सुरू झालेला हा प्रकार आज अनेक देशांत जोरात आहे, आणि त्याने वारा-वाचन मुळापासून बदललं. आता झळ आणि लक्ष्य एकाच डोळ्याला, एकाच क्षणी दिसतात. म्हणून वर्तुळंही निम्मी केली गेली, हजार यार्डांना दहा गुणांचं वर्तुळ १० इंचांचं. एक मैलाची चूक आता सरळ बाहेर जाते.

खरा तिढा पडला इलेक्ट्रॉनिक लक्ष्यांनी. त्याआधी दोन पद्धती समांतर चालत होत्या. बिस्लीत एका लक्ष्यावर दोघं-तिघं आलटून-पालटून मारतात, प्रत्येकाला ४५ सेकंद. आपली पुढची पाळी येईपर्यंत वारा बदललेला असतो, आणि प्रत्येक गोळीला नव्याने वाचावं लागतं. अमेरिकेत एक नेमबाज आपल्या सगळ्या गोळ्या सलग मारतो, गोळीमागे साधारण एक मिनिट धरून एकूण वेळ मिळतो. तो वेळ हवा तसा वापरता येतो. वाऱ्याचा एक पक्का सूर निवडायचा, तो लागेपर्यंत थांबायचं, आणि लागला की भराभर गोळ्या सोडायच्या. हेही कौशल्यच आहे, आणि सोपं नाही. तरी मला पहिल्या पद्धतीत वाऱ्याची परीक्षा जास्त कडक वाटते, कारण तिथे आवडीचा वारा निवडायची मुभा फारच थोडी आहे.

लक्ष्यांखालच्या खंदकातल्या माणसाने लक्ष्य खाली ओढून, भोकात चकती लावून ते वर चढवायचं, यात जाणारा वेळ सलग मारणाऱ्यालाही थोडा लगाम घालत होता. ध्वनी टिपणारे सेन्सर आले आणि तो वेळ शून्यावर आला. गोळी लागली की पडद्यावर ठिपका. मग वारा वाचायची गरजच काय, मागचा ठिपका पाहून त्याच वाऱ्यात पुढची गोळी सोडली की झालं. यावर उपाय म्हणून काही ठिकाणी ठिपका मुद्दाम उशिरा दाखवायचा नियम आला. तो उशीर किती असावा, जुन्या खंदकांपैकी जलद खंदकाइतका की सर्वसाधारण खंदकाइतका, यावर आजही एकमत नाही. वेगवान मारणाऱ्यांचं म्हणणं असं की तंत्र बदललं तर खेळानेही बदलावं. दुसरी बाजू म्हणते की उशीर कमी केला तर स्पर्धा पडदा वाचण्याची होईल. जोडीने मारण्याच्या पद्धतीत हा प्रश्न जवळजवळ उद्भवतच नाही, कारण मधला वेळ शेजाऱ्याच्या गोळीत जातो. तिथे इलेक्ट्रॉनिक लक्ष्यांनी फक्त खंदकातल्या माणसांचे कष्ट वाचवले.