विहिरीकडून मातीकडे उलटा हिशेब

किलोभर मातीत ०.०६ मिलिग्रॅम. ट्रायक्लोरोइथिलीन, म्हणजे यंत्रांच्या सुट्या भागांवरचं ग्रीस काढायला कारखान्यांत वापरतात ते द्रावक, मातीत एवढंच असेल तर खालच्या पाण्याची चिंता नको, असा आकडा अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९६ मध्ये दिला. त्याच तक्त्यात, माती पोटात गेल्याने होणाऱ्या धोक्यासाठी याच द्रव्याचा आकडा होता ५८. जवळपास हजारपट फरक! मूल माती खाईल यापेक्षा विहिरीत काय उतरेल याचा धसका मोठा. पण तो यायला वेळ लागला.

आधी समज असा की माती गाळणीच आहे, पुरलं की संपलं. न्यूयॉर्क राज्यातल्या लव्ह कॅनॉलमध्ये १९५३ पर्यंत पुरलेला रासायनिक कचरा पुढे घरांच्या तळघरांत पाझरला आणि १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करावी लागली. नेदरलँड्समध्ये लेकरकेर्कला १९८० मध्ये रासायनिक कचऱ्याच्या भरावावर बांधलेली अडीचशेहून अधिक घरं रिकामी केली गेली. अमेरिकेत डिसेंबर १९८० मध्ये दूषित जागा साफ करण्यासाठीचा 'सुपरफंड' कायदा आला, पण माती किती साफ करायची याचा सरसकट आकडा त्यात नव्हता. डचांनी १९८३ मध्ये तक्ता केला, तोही 'कुठल्याही वापराला चालेल इतकी स्वच्छ माती' या महागड्या हट्टापायी. पुढे त्यांनाच तो सोडावा लागला.

दरम्यान अमेरिकेत हाताशी होती ती कचऱ्याची चाचणी. कचरा अ‍ॅसिटिक आम्लात घुसळायचा, म्हणजे तो शहरी उकिरड्यात कुजतोय असं धरायचं, आणि निघालेल्या पाण्यात पिण्याच्या मर्यादेच्या शंभरपट विष असलं तर धोकादायक ठरवायचं. कचऱ्यासाठी ठीक. पण कारखान्याच्या आवारातल्या मातीवर उकिरड्याचं आम्ल नाही, पाऊस पडतो.

१९९६ च्या पद्धतीने हिशेब विहिरीपासून उलटा धरला. पिण्याच्या पाण्यात ट्रायक्लोरोइथिलीनची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम. मातीतून झिरपलेलं पाणी भूजलात मिसळून विसपट पातळ होतं असं धरलं, तर झिरपणाऱ्या पाण्यात १०० मायक्रोग्रॅम चालतील. आता मातीत द्रव्य तीन ठिकाणी असतं: कणांना, मुख्यतः सेंद्रिय कर्बाला चिकटलेलं, ओलाव्यात विरघळलेलं आणि पोकळ्यांतल्या हवेत. ०.२ टक्के कर्ब धरून तिन्हींची बेरीज केली की गुणक येतो ०.५७. १०० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.१ मिलिग्रॅम; ०.१ गुणिले ०.५७, म्हणजे साधारण ०.०६. इतकं साधं गणित.

त्यातला ०.५७ रसायनशास्त्राचा. वीस मात्र बराचसा ठरवून घेतलेला. तो अर्ध्या एकराच्या जागेसाठी आहे, म्हणजे आपल्या भाषेत वीस गुंठे (आकडा जुळला हा योगायोग). पाणी अगदी वर लागत असेल किंवा खाली भेगाळ खडक असेल तर पातळ होण्याचा भरवसा नको, वीसऐवजी एक धरा, असा पर्यायही दिला होता. मग मर्यादा ०.००३ वर येते. दूषित साठा कधी संपतच नाही आणि वाटेत काही विघटन पावत नाही, असंही गृहीत धरलंय. त्यामुळे छोट्या जागेत कधीकधी मातीत आहे त्याहून जास्त विष पाझरल्याचा हिशेब निघतो! म्हणून हा आकडा ओलांडला तर खोलात तपास करायचा, लगेच पोकलेन बोलवायचा नाही. व्यवहारात मात्र तोच बरेचदा 'साफसफाईची पातळी' होऊन बसतो.

त्याच वर्षी, फेब्रुवारी १९९६ मध्ये, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने उदयपूरजवळच्या बिछडीचा निकाल दिला. एच-आम्लाचा (रंग बनवायला लागणारं रसायन) सुमारे २,४०० टन गाळ, त्याने नासलेल्या विहिरी, आणि नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेने केलेली पाहणी. प्रदूषण करणाऱ्यानेच निस्तरायचं हे तत्त्व तिथे ठाम झालं. दूषित जागांसाठी देशाचे स्वतंत्र नियम निघाले ते थेट जुलै २०२५ मध्ये.

आपल्याकडे अडचण वेगळीच. ते अमेरिकी सूत्र सुट्या, एकसारख्या वाळू-मातीतल्या भूजलासाठी आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर बसलाय. वर हातभर माती, मग मुरूम, मग भेगा. भेगेत शिरलेलं पाणी कुणाच्या विहिरीत निघेल ते पाणाड्यालाही सांगता येत नाही, आणि तिथे विसाने गुणायला हात धजावत नाही.