बासुंदी नको की श्रीखंडही नको? दूध बाधणं आणि दुधाची ॲलर्जी

अंगावर गांधी उठल्या की आपल्या घरातलं मोठं माणूस म्हणतं, "पित्त उठलंय, आमसूल लावा." जेवणानंतर छातीत जळजळलं, तोंडाला आंबट पाणी आलं, तरी तेच माणूस म्हणतं, "पित्त झालंय." शब्द एकच, पण पहिल्या वेळी शरीराची रोगप्रतिकारशक्ती खवळलेली असू शकते आणि दुसऱ्या वेळी जठरातलं आम्ल वर आलेलं असतं. 'दूध सोसत नाही' या वाक्याचंही तसंच आहे. मी पुण्यात कोथरूडला आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, आणि हे वाक्य ऐकलं की पेन खाली ठेवून आधी नीट ऐकून घेते. त्यामागे दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक त्रास देते, दुसरी जिवावर बेतू शकते.

बँकेतून निवृत्त झालेले एक काका आले होते. मस्तानी प्यायली की तासा-दोन तासांत पोट फुगतं, गुडगुडतं आणि मग जुलाब होतात. म्हणून वर्षभर त्यांनी दूध, दही, ताक, पनीर, अगदी वरणावरचं तूपसुद्धा बंद केलं होतं. "मॅडम, मला दुधाची ॲलर्जी आहे." मी विचारलं, "काका, अमृततुल्यचा चहा?" "तो रोज दोनदा घेतो. चहाला काही होत नाही."

या चहातच उत्तर होतं. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते आणि ती फोडायला लहान आतड्यात लॅक्टेज हे विकर लागतं. वय वाढतं तसं अनेकांमध्ये हे विकर कमी होत जातं; जगातल्या निम्म्याहून जास्त प्रौढांची हीच गत आहे. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू तिच्यावर ताव मारतात, वायू होतो, आतड्यात पाणी ओढलं जातं. पोट फुगणं आणि जुलाब त्यातूनच. यात रोगप्रतिकारशक्तीचा काही संबंध नाही. सगळा हिशोब मात्रेचा आहे. 100 मिली दुधात साधारण 5 ग्रॅम लॅक्टोज असतं. अमृततुल्यच्या छोट्या कपात दूध असून असून किती? 30-40 मिली धरलं तरी 2 ग्रॅमच्या आत-बाहेर. मस्तानीच्या उंच पेल्यात 300 मिली दूध आणि वर आइस्क्रीमचा गोळा धरला तर 15 ग्रॅमच्या पुढे. ज्यांना लॅक्टोज पचत नाही त्यांच्यातल्याही बहुतेकांना एका वेळी 12 ग्रॅमपर्यंत फारसा त्रास होत नाही. काका ही रेषा मस्तानीत ओलांडत होते, चहात नाही. आणि शिक्षा मात्र तुपालाही झाली होती, ज्यात लॅक्टोज जवळजवळ नसतंच.

दुसरी गोष्ट एका आजींची आणि त्यांच्या चार वर्षांच्या नातवाची. घरी पाडव्याला श्रीखंड होतं. पोरानं वाटीत बोट बुडवून चाटलं. दहा मिनिटांत ओठ सुजले, मानेवर आणि पाठीवर गांधी उठल्या, मग उलटी झाली. आजींनी आमसूल भिजवून अंगाला चोळलं, दोन तासांनी सगळं उतरलं, आणि घरात ठरलं की पित्त उठलं होतं. हा मुलगा अगदी लहानपणापासून दुधाचा पेला ढकलून द्यायचा. हट्टी म्हणून त्याला दामटायचे. अशी मुलं मी बरीच पाहिली आहेत, म्हणून आईवडिलांना कळकळीनं सांगते: मूल एकच पदार्थ सतत नाकारत असेल तर रागावण्याआधी एकदा विचारा, खाल्ल्यावर तोंडात काही होतं का, खाजतं का.

इथे साखरेचा प्रश्नच नाही. दुधातल्या प्रथिनांना, म्हणजे केसीन किंवा दह्याच्या निवळीत असणाऱ्या व्हे प्रथिनांना, शरीर शत्रू समजतं. त्यांच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार होतात आणि पुढच्या वेळी तो पदार्थ आला की काही पेशी हिस्टामीन सोडतात. ओठ सुजणं, गांधी, उलटी, खोकला, छातीत घरघर हे सगळं त्यातून, आणि बहुतेकदा काही मिनिटांत ते दोन तासांत. मात्रेचा हिशोब इथे चालत नाही. बोटाला लागलेलं श्रीखंडही पुरतं.

आता ताटाकडे बघा. आपल्याकडे लग्नात बासुंदी असते, नाहीतर श्रीखंड. बासुंदी म्हणजे आटवलेलं दूध. पाणी उडालं, लॅक्टोज राहिलं आणि दाट झालं. काकांसाठी बासुंदीची वाटी म्हणजे मस्तानीची धाकटी बहीण. श्रीखंडाचं उलट आहे. दही फडक्यात बांधून टांगलं की निवळी गळून जाते आणि तिच्याबरोबर बरंचसं लॅक्टोजही. शिवाय विरजणातल्या जिवाणूंनी थोडं आधीच संपवलेलं असतं. त्यामुळे काका श्रीखंड खाऊ शकतात. साखरेचं काय करायचं ते त्यांच्या मधुमेहाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. पण त्या चक्क्यात केसीन मात्र घट्ट होऊन बसलेलं असतं. म्हणजे जे श्रीखंड काकांना चालतं तेच नातवाला सगळ्यात वाईट. बाजारात मिळणाऱ्या लॅक्टोज-फ्री दुधाचंही तेच. त्यातली साखर फोडलेली असते, प्रथिनं जशीच्या तशी असतात. काकांना ते वरदान आहे, आणि 'पचायला हलकं' म्हणून ॲलर्जी असलेल्या मुलाला कुणी ते पाजलं तर घात. शेळीच्या दुधाचा सल्ला तर दर दोन दिवसांनी कानावर येतो. गाईच्या दुधाची ॲलर्जी असणाऱ्या बहुतेक मुलांना शेळीचंही दूध चालत नाही, कारण प्रथिनं अगदी मिळतीजुळती असतात. म्हशीचंही तसंच.

मग आहारतज्ज्ञ काय करते? निदान करत नाही. ॲलर्जीची शंका असली की डॉक्टर इतिहास ऐकतात, त्वचेची किंवा आयजीईची रक्तचाचणी करतात, आणि गरज पडली तर रुग्णालयात देखरेखीखाली तो पदार्थ थोडा थोडा देऊन बघतात. नुसती चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे ॲलर्जी झाली असं नाही. खाल्ल्यावर काय झालं हेच महत्त्वाचं. लोकांना वाटतं आमचं काम 'हे बंद, ते बंद' अशी यादी देण्याचं आहे. माझ्या मते ते नेमकं उलट आहे. ज्याला ॲलर्जी नाही त्याच्या ताटात शक्य तितकं परत आणायचं, आणि ज्याला आहे त्याच्या ताटातून फक्त तेवढीच एक गोष्ट काढून बाकी ताट भरलेलं ठेवायचं.

काकांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं, कारण साठीत शौचाची सवय बदलली की दुसरं काही नाही ना हे बघावंच लागतं. तिथून हिरवा कंदील मिळाल्यावर वहीचं काम सुरू झालं. साधी दोनशे पानी वही: वेळ, काय खाल्लं, किती, पोट कसं होतं. दोन आठवडे दूध पूर्ण बंद, मग पायरीपायरीनं परत. आधी ताक, मग दही, मग जेवणाबरोबर अर्धा कप दूध. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या वहीत एक ओळ होती: "सकाळी उपाशीपोटी पाऊण कप, 11 वाजता गुडगुड. तेवढंच दूध जेवणानंतर, काही नाही." एवढ्या एका ओळीसाठी वही लिहायची असते. आता ते दूध जेवणानंतर घेतात, दही-ताक रोज, आणि मस्तानी नातींबरोबर अर्धी वाटून.

नातवाच्या बाबतीत वहीपेक्षा चष्मा जास्त लागला. आजींनी पिशवीतून त्याच्या रोजच्या बिस्किटांचा पुडा काढला. मी मागचं बारीक अक्षर दाखवलं: मिल्क सॉलिड्स. खाली वेगळं छापलेलं, कंटेन्स मिल्क. एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, 2020 च्या लेबलिंग नियमांप्रमाणे दूध, अंडं, मासे, कवचाचे जलचर, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन आणि ग्लूटेन असलेली धान्यं यांचा उल्लेख पाकिटावर करावाच लागतो. आजी गोंधळल्या. "अगं, हे तर तो रोज खातो, काही होत नाही. मग ॲलर्जी कशी?" प्रश्न अगदी रास्त होता. पिठात मिसळून भट्टीच्या उष्णतेत बराच वेळ भाजलं की दुधाच्या काही प्रथिनांची घडण बदलते, आणि दुधाची ॲलर्जी असलेल्या पुष्कळ मुलांना असं भाजलेलं दूध चालतं. ही माहिती डॉक्टरांना सोन्यासारखी असते. म्हणून बिस्किटं आपल्या मनानं बंद करायची नव्हती, आणि बिस्किट चालतं म्हणून आपल्या मनानं पनीरही द्यायचं नव्हतं. दुधाची ॲलर्जी बहुतेक मुलांमध्ये वाढत्या वयाबरोबर जाते. शेंगदाण्याची मात्र क्वचितच जाते.

पाकिटाचं वाचता येतं, सुट्या मालाचं नाही. मिठाईच्या दुकानात पेढ्याच्या ताटातला चिमटा खोबऱ्याच्या वडीत जातो. पंगतीत श्रीखंडाची पळी पुसून पुरीच्या ताटाला लागते. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर आपल्या घरांत फारच जपावं लागतं, कारण दाण्याचं कूट कोशिंबिरीत, भाजीत, उपासाच्या खिचडीत कुठेही असतं आणि वाढणाऱ्याला ते सांगायचं सुचतही नाही. मी आजींना एक वाक्य पाठ करायला लावलं: "यात दूध, दही, लोणी, खवा काही आहे का?" नुसतं "दूध आहे का" विचारलं की आचारी नाही म्हणतो आणि ग्रेव्हीत खवा असतो.

दूध काढलं की कॅल्शियमची जागा रिकामी होते. या वयाच्या मुलाला दिवसाला साधारण 550 मिग्रॅ लागतं. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिग्रॅ असतं, म्हणजे लहानशा भाकरीत शंभर-सव्वाशे. त्यात डाळी, राजगिरा, पालेभाज्या, आणि चालतात याची खात्री असेल तर तीळ. दर दोन महिन्यांनी उंची-वजन मोजतो. दूध बंद केलं आणि त्याजागी काहीच दिलं नाही, अशी खुरटलेली मुलं पाहिली की मला फार वाईट वाटतं, कारण ते टाळता येतं.

एक तिसरा पाहुणाही आहे, सीलिॲक. गव्हातल्या ग्लूटेनमुळे शरीर स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करतं. हा ना पचनाचा दोष, ना आयजीईची ॲलर्जी. इथे एकच कळकळीची विनंती: टीटीजी ही रक्तचाचणी होईपर्यंत गहू बंद करू नका, नाहीतर चाचणी खोटं 'ठीक आहे' सांगते. निदान झाल्यावर ज्वारी-बाजरी हक्काची आहे, पण गिरणीत आधी गहू दळलेला असला की त्याच जात्यातून ग्लूटेन आपल्या पिठात येतं. आणि डब्यातल्या बांधानी हिंगात बहुधा मैदा असतो.

गव्हाबद्दल आणखी एक अनुभव. "गव्हानं पोट फुगतं" म्हणणाऱ्या एका ताईंना मी विचारलं, "चातुर्मासात पोट कसं असतं?" त्या थांबल्या. "छान असतं." त्यांच्याकडे चार महिने कांदा-लसूण बंद, पोळ्या मात्र रोजच्याच. दोष गव्हाचा असता तर चातुर्मासातही पोट फुगलं असतं. कांदा-लसणात फ्रुक्टान नावाचे शर्करेचे धागे असतात, ते काहींना सोसत नाहीत. गव्हातही ते असतात, पण त्यांना नुसत्या पोळीनं काही होत नव्हतं.

'दोनशे पदार्थांची असहिष्णुता चाचणी' असा जाड अहवाल घेऊनही लोक येतात. एका मुलीच्या अहवालात तांदूळ, तूर, बटाटा, दही सगळं लाल होतं आणि ती सहा किलोनं उतरली होती. त्यात मोजलेली असतात आयजीजी प्रतिपिंडं, आणि ती आपण काय खातो एवढंच सांगतात. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेनं 2008 सालीच म्हटलं आहे की अशा चाचण्या निदानासाठी वापरू नयेत. तो अहवाल बाजूला ठेवून आम्ही तिला वरणभातापासून परत खायला लावलं.

पण ॲलर्जीचा पदार्थ पोटात गेल्यावर श्वास लागला, आवाज बसला, खोकला थांबेना, मूल निस्तेज होऊन मान टाकू लागलं, तर आमसूल नको, वाट बघणं नको. खाज थांबवणारी गोळी हा त्यावरचा इलाज नाही. मांडीत ॲड्रेनालिनचं इंजेक्शन हाच आहे. झोपवून ठेवा, चालवू नका, 108 ला फोन करा. श्वासाला त्रास असेल तर बसू द्या.

आणि अशा प्रसंगानंतर आमच्याकडे याल तेव्हा तीन गोष्टी आणा: त्या दिवशी काय खाल्लं याची घड्याळाच्या वेळेसह नोंद, उठलेल्या गांधींचा फोनवर काढलेला फोटो, आणि पाकिटाचं रॅपर. आजींनी श्रीखंडाच्या डब्याचं झाकण धुऊन पिशवीत आणलं होतं.