प्लॅस्टिकच्या हिरवळीला घाम येत नाही

अमेरिकेतल्या उपनगरात घर स्वतःच्या नावावर असलं, तरी पुढच्या अंगणात काय लावायचं हे बऱ्याचदा होमओनर्स असोसिएशन ठरवते. आपल्याकडच्या सोसायटीसारखीच ही संस्था, फक्त बंगल्यांच्या वसाहतीची. गवत वाळलं की आधी नोटीस येते, मग दंड. सात कोटींहून अधिक लोक अशा वसाहतींत राहतात. अख्ख्या अमेरिकेतल्या हिरवळींचा पसारा किती? उपग्रहांच्या माहितीवरून 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तो सुमारे 1,63,000 चौरस किलोमीटर काढला. म्हणजे अर्ध्या महाराष्ट्राहून जास्त.

दुष्काळात हे परवडेनासं झालं. 2015 मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून असोसिएशनचा कृत्रिम हिरवळीला मनाई करण्याचा अधिकार काढून घेतला. ॲरिझोनाने 2022 मध्ये ठरवलं की जिथे खरं गवत चालतं, तिथे कृत्रिमही चाललं पाहिजे. असोसिएशनने रंग, जागा, निचरा यांचे नियम घालावेत, सरसकट बंदी नको. पाणी वाचवायच्या दृष्टीने हे समजण्यासारखं आहे. पण कायद्याने या दोघांना एका पंक्तीला बसवलं, तरी उन्हात ती मुळीच सारखी वागत नाहीत.

ॲरिझोनातल्या फिनिक्समधला जून घ्या. एक चौरस मीटर जमिनीवर दिवसभरात साधारण आठ युनिट ऊर्जा सूर्याकडून येते; विजेच्या बिलात असतं तेच युनिट. पाणी दिलेलं गवत अशा दिवसात त्याच तुकड्यातून सुमारे सात लिटर पाणी वाफेच्या रूपाने सोडतं. एका लिटरची वाफ व्हायला पाऊण युनिटच्या किंचित कमी ऊर्जा लागते. हिशोब करा: आलेल्या उष्णतेतली निम्म्याहून अधिक वाफेबरोबर निघून जाते. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणाने. प्लॅस्टिकच्या पात्याकडे हा मार्गच नाही. ते तापत जातं, आणि मग ती उष्णता हवेत आणि शेजारच्या भिंतीवर फेकतं.

युटामधल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या आवारात 2002 मध्ये याची मोजणी झाली. हवा 37 अंश सेल्सिअस असताना कृत्रिम मैदानाचा पृष्ठभाग 93 अंशांपर्यंत गेला. दिवसभराची सरासरी काढली तर कृत्रिम 47 आणि खरं गवत 26. पाणी मारून पाहिलं, तर 79 वरून तापमान 29 वर उतरलं, पण वीसेक मिनिटांत पुन्हा सत्तरीपार. पात्यांवरचा ओलावा संपला की थंडावाही संपला, कारण खालून पाणी ओढून आणणारी मुळं तिथे नाहीत. अनवाणी खेळणाऱ्या मुलांसाठी आणि कुत्र्यांच्या पंजांसाठी हे आकडे गंभीर आहेत.

त्याहून नवलाचा प्रकार खिडकीमुळे होतो. ऊर्जा वाचवणाऱ्या दुहेरी काचेच्या खिडकीवर धातूचा अतिशय पातळ लेप असतो. तो उन्हातली बरीच उष्णता परतवतो. दोन काचांमध्ये वायू कोंडलेला असतो. बाहेरचा दाब वाढला किंवा थंडीने आतला वायू आकसला, की काचा किंचित आत वाकतात आणि बाहेरची बाजू अंतर्वक्र आरसा बनते. एकवटलेला झोत हिरवळीवर पडतो. ही पाती बहुधा ज्या प्लॅस्टिकची असतात, ते पॉलिएथिलीन साधारण 110 ते 130 अंशांच्या दरम्यान वितळतं, आणि मऊ त्याआधीच पडतं. सूर्य सरकतो तसा झोतही सरकतो, म्हणून जळका डाग गोल न राहता पट्ट्यासारखा लांबत जातो. जवळून पाहिलं तर पाती पिळवटून एकमेकांना चिकटलेली असतात. खिडकी शेजाऱ्याची असली तर प्रकरण आणखी अवघड. उपाय म्हणजे काचेला बाहेरून जाळी लावणं, आणि घराच्या दर्शनी भागात बदल म्हटला की बहुधा पुन्हा असोसिएशनचीच परवानगी!

समित्या नमुना हातात घेऊन रंग आणि पात्यांची उंची पाहतात. माझ्या मते खरी पाहणी हिरवळीखाली व्हायला हवी. जुनं गवत मुळांसकट काढून आठ-दहा सेंटीमीटर खोदायचं, बारीक खडी भरून पाणी मारत धुमसाने ठोकायची, घरापासून दूर जाणारा उतार ठेवायचा, मग पट्टे अंथरायचे, तेही सगळ्यांची पाती एकाच दिशेला झुकतील असे. शेवटी पात्यांत वाळू झाडून बसवतात. तिच्या वजनाने पट्टा उचलला जात नाही आणि पाती उभी राहतात. उतार चुकला तर पाऊस शेजाऱ्याच्या अंगणात नाहीतर स्वतःच्या घराच्या पायाशी.

कुत्रा असेल तर वासही येतो. मूत्रातल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात. जिवंत मातीत दुसरे जिवाणू आणि मुळं तो नायट्रोजन वापरून टाकतात. ठोकलेल्या खडीत ही साखळी जवळपास तुटलेली असते. म्हणून वाळूऐवजी झिओलाइट हे खनिज वापरतात. ते अमोनियम पकडून सोडियम सोडतं, पण त्याच्या जागा भरल्या की काम थांबतं.

पंधरा वर्षांच्या आसपास अतिनील किरणांनी पाती ठिसूळ होतात. तुटलेले बारीक तुकडे पावसाच्या पाण्याबरोबर वाहतात आणि उरलेला गालिचा सहसा कचराभूमीत जातो. 2023 मध्ये कॅलिफोर्नियाने शहरांना आणि काउंटींना कृत्रिम हिरवळीवर निर्बंध घालायची मोकळीक परत दिली, तिच्यामागे ही काळजी होती.

फिनिक्स, चँडलर किंवा बे एरियातली मराठी घरंही आता हा निर्णय घेत आहेत. मुलांना खेळायला सावलीत एक छोटा कृत्रिम तुकडा असू द्यावा. बाकी अंगणासाठी कॅलिफोर्नियाच्या त्याच कायद्यातली दुसरी तरतूद जास्त कामाची आहे: कमी पाण्यावर जगणाऱ्या झाडांनाही असोसिएशन बंदी करू शकत नाही. ॲरिझोनातलं पालो व्हर्दे घ्या. पानं गळली तरी त्याची हिरवी साल अन्न बनवत राहते, एकदा रुजलं की पाणी बेताचंच लागतं, आणि अंगणात सावली पडते.