सिग्नलची वाट पाहणारा थ्रेड

पावसाळ्यात सांगलीकरांचे लक्ष आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीवर खिळलेले असते; 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका, हे आकडे सर्वांच्या तोंडी असतात. ही पातळी नोंदवणारा एक सी प्रोग्राम आपण कल्पू. त्याचा एक थ्रेड, म्हणजे प्रोग्राममध्ये समांतर चालणारा कामाचा धागा, सेन्सरचे आकडे वाचतो आणि दुसरा ते फाइलमध्ये लिहितो. यंत्र बंद होताना लिनक्सकडून सिगटर्म हा ‘काम आवरा’ असे सांगणारा 15 क्रमांकाचा सिग्नल येतो, तेव्हा हातातली नोंद पूर्ण करूनच प्रोग्रामने थांबायला हवे.

यासाठी बहुतेक जण सिग्नल हँडलर, म्हणजे सिग्नल आल्यावर चालणारे फंक्शन, लिहितात. मात्र हँडलर हा स्वतंत्र थ्रेड नव्हे. एखाद्या थ्रेडचे चालू काम मध्येच अडवून तो त्याच थ्रेडमध्ये चालतो, आणि सिग्नल न रोखलेल्या थ्रेडांपैकी तो कोणाला गाठेल हे आधी सांगता येत नाही. समजा, लिहिणारा थ्रेड मॅलॉक या मेमरी मिळवून देणाऱ्या फंक्शनमध्ये आहे, मेमरीच्या हिशेबाचे कुलूप त्याच्या ताब्यात आहे, आणि अशा वेळी आलेल्या हँडलरनेही मॅलॉकला हाक मारली. हँडलर कुलूप सुटण्याची वाट पाहत राहतो आणि हँडलर संपल्याशिवाय थ्रेडला ते सोडता येत नाही. प्रोग्राम जागीच अडकतो. हँडलरमध्ये मजकूर छापणारे प्रिंटएफ वर्ज्य मानतात ते अशाच कारणाने. हा दोष चाचणीत सहसा सापडत नाही, म्हणूनच मला तो अधिक घातक वाटतो.

पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या मानकसंचाच्या 1995 च्या थ्रेड मानकातले सिगवेट हे फंक्शन यातून सोडवते. मुख्य थ्रेडने इतर थ्रेड निर्माण करण्यापूर्वीच पीथ्रेड-सिगमास्क वापरून सिगटर्म रोखायचा. रोखलेल्या सिग्नलांची ही यादी, म्हणजे मास्क, नव्या थ्रेडांना वारशाने मिळते. हा क्रम चुकला, तर मास्क नसलेल्या थ्रेडला सिग्नल गाठू शकतो आणि मग सगळी प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, तिथेच संपते. थ्रेड निर्माण झाल्यावर त्यांपैकी एकाने केवळ सिगवेटमध्ये थांबून राहायचे. सिग्नल आला की सिगवेट त्याचा क्रमांक देऊन साध्या फंक्शनसारखे परतते, आणि पुढचा कोड नेहमीचाच असल्यामुळे त्यात मॅलॉक, प्रिंटएफ, म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला घेता येणारे कुलूप) हे सारे निर्धोकपणे वापरता येते.

प्रोसेस तत्काळ संपवणारा सिगकिल हा सिग्नल मात्र रोखता येत नाही. शिवाय रोखलेला साधा सिग्नल पुन्हा पुन्हा आला तरी त्याची एकच नोंद राहते, त्यामुळे घटना मोजण्यासाठी त्यावर विसंबू नये.

सिगवेटमधून परतलेला थ्रेड म्युटेक्स घेऊन ‘थांबा’ ही खूण करतो आणि कंडिशन व्हेरिएबलवर, म्हणजे थ्रेडला जागे होण्याच्या इशाऱ्यापर्यंत थांबवणाऱ्या साधनावर, थांबलेल्या लिहिणाऱ्या थ्रेडला जागे करतो. लिहिणारा थ्रेड शेवटचा आकडा फाइलमध्ये उतरवतो, फाइल बंद करतो, आणि मुख्य थ्रेड पीथ्रेड-जॉइनने त्याची वाट पाहून मगच बाहेर पडतो.